पलंगाखालची तीनशे पुस्तकं

(पुस्तकांविषयी वाचकांनी विचारलेले प्रश्न आणि लेखिकेची उत्तरं)

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, की स्वतःचं पुस्तक स्वतः काढायचा विचार असेल तर मनातले प्रश्न मला पाठवा. पत्रं अपेक्षेपेक्षा जास्त आली. काही आंतरदेशीय पत्रं, बरीचशी व्हॉट्सअ‍ॅपवर. सगळ्यांना इथे उत्तर देता येणार नाही, पण ज्या पत्रांनी मला रात्री जागं ठेवलं ती आधी घेतली आहेत.

मी साताऱ्यात राहते, कथा लिहिते. आजवर चार संग्रह झाले. पहिला एका प्रकाशकाने काढला, पुढचे तीन मी आणि माझ्या मैत्रिणीने घरातून काढले. एक लोखंडी कपाट, एक वजनकाटा आणि पत्त्यांची वही एवढ्यावर आमचं काम चालतं. त्यातून जे हाताला लागलं तेच सांगते.

*ताई, माझ्या कवितांचं बाड घेऊन एका प्रकाशकाकडे गेले. त्यांनी चाळीस हजार रुपये मागितले आणि शंभर प्रती देतो म्हणाले. करारपत्राचं विचारलं तर 'आपल्यात कसला करार' म्हणाले. पैसे देऊ का?*
*– शिक्षिका, चिपळूण*

करार नसेल तर एक रुपयाही देऊ नका. हे मी ऐकीव सांगत नाही.

२००९ साली माझा पहिला संग्रह निघाला तेव्हा मीही पैसे दिले होते. बँकेतली ठेव मोडून दिले. किती प्रती छापणार हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पन्नास प्रती घरी आल्या, त्या नातेवाइकांत गेल्या. दोन-तीनदा फोन केला तर 'कथासंग्रह उठत नाहीत हो' हे उत्तर. मी मान्य केलं. वाटलं, आपलं लिखाणच कमी पडलं. पुढे दीड-दोन वर्षांनी कराडच्या एका पुस्तक प्रदर्शनात माझंच पुस्तक हाताला लागलं. उघडलं तर आत छापलं होतं 'दुसरी आवृत्ती'. मी तिथेच बाकावर बसले. पैसे गेल्याचं दुःख नंतर झालं. आधी हे झालं, की एवढे दिवस मी स्वतःच्या लिखाणाला दोष देत होते, आणि तिकडे कुणीतरी ते विकत घेऊन वाचत होतं.

म्हणून सांगते. तुमचे पैसे जाणार असतील तर ते प्रकाशन तुमचं आहे. समोरचा माणूस फक्त छपाईची व्यवस्था करून देतोय. मग त्याला तसंच विचारा. किती प्रती, कोणता कागद, बांधणी कशी, छपाईचं बिल कुणाच्या नावावर, उरलेल्या प्रती कुणाच्या, दुसरी आवृत्ती काढायची तर कुणाच्या परवानगीने. ही विचारणा करताना संकोच वाटतो, मला ठाऊक आहे. वर्गात साठ पोरांना गप्प करणारी बाई प्रकाशकाच्या टेबलासमोर गप्प होते. तरीही विचारा.

एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. आपल्याकडच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा तर तो लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनेच करावा लागतो. तोंडी बोलणं त्यात धरत नाहीत. करारात मुदत लिहिलीच नसेल तर ती पाच वर्षांची समजतात. आणि हक्क घेऊन एक वर्षभर त्याने पुस्तकच काढलं नाही, तर करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर तो हक्क आपोआप तुमच्याकडे परत येतो. हे मला २००९ साली माहीत असतं तर बरं झालं असतं. तुम्हाला आज माहीत झालं.

आणि चाळीस हजारांत तुम्ही स्वतः दोनशे-अडीचशे प्रती नीट छापून घेऊ शकता, सगळ्या तुमच्या मालकीच्या. कशा, ते पुढच्या उत्तरांत येईलच.

*मी तेवीस वर्षांचा आहे, मला 'तू' म्हटलंत तर आवडेल. माझी कादंबरी पूर्ण झाली आहे. मित्र म्हणतात, स्वतः छापलेलं पुस्तक म्हणजे लग्नपत्रिका, घरचे वाटतात आणि लोक घडी न उघडता ठेवून देतात. मोठ्या प्रकाशनाचं नाव नसेल तर ते साहित्यात धरतच नाहीत का?*
*– परभणी*

बाळा, तुझ्या मित्रांना ताराबाई शिंदे सांग.

ताराबाई बुलढाण्याच्या. 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचं एकच पुस्तक. १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ते छापलं गेलं. प्रती पाचशे, किंमत नऊ आणे. त्यानंतर ते असं विसरलं गेलं की जणू नव्हतंच. १९७५ साली अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून लोकांसमोर आणलं. मधे त्र्याण्णव वर्षं गेली. आज स्त्रियांच्या लिखाणाचा विषय निघाला की पहिलं नाव त्यांचं घेतात. ही किमया कुणा मोठ्या नावाची नाही. त्या पाचशेंतली एखादी प्रत कुणाच्या तरी कपाटात वाळवी न लागता टिकली, म्हणून हे झालं. पाचशे हा आकडा मी तेव्हापासून लहान मानत नाही.

आणि आपल्या कवितेचं बघ. १९५०च्या दशकाच्या मध्यावर दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या मंडळींनी 'शब्द' हे अनियतकालिक काढलं ते सायक्लोस्टाइल करून. शाईने बोटं काळी करून काढलेली पानं ती. पुढे कोलटकरांचा पहिला मराठी संग्रह १९७७ साली आला तो अशोक शहाणे यांच्या 'प्रास' प्रकाशनाकडून. प्रास म्हणजे काही मजल्यांची इमारत नव्हे. पुढचे मराठी संग्रह यायला पाव शतक लागलं, तरी कोलटकर त्याच दारात गेले. २००४ साली ते वारले आणि 'भिजकी वही'ला २००५चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घर लहान असलं म्हणून पुस्तक लहान होत नाही.

पण तुझ्या मित्रांच्या बोलण्यात एक काटा खरा आहे, तो मी झाकणार नाही. मोठ्या घराकडून पुस्तक येतं तेव्हा नावापेक्षा मोलाची एक गोष्ट मिळते. संपादक. मौज प्रकाशनाकडे श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन एकेका कथेवर लेखकाला किती पत्रं लिहायचे, किती वेळा पुन्हा लिहायला लावायचे, हे त्या पिढीतल्या कितीतरी लेखकांनी लिहून ठेवलंय. स्वतः छापताना आपण हे माणूसच गाळून टाकतो. लग्नपत्रिका होते ती तिथे.

तेव्हा छपाईचा पैसा जमवण्याआधी एक माणूस जमव. तुझी स्तुती करणारा नको आणि स्वतः कादंबरी लिहिणाराही शक्यतो नको. पुष्कळ वाचणारा आणि तुझ्यापासून काही न मागणारा असा शोध. परभणीत सापडेल. जुन्या ग्रंथालयाच्या काउंटरवर वीस वर्षं बसलेली माणसं मी पाहिली आहेत. कोणत्या पानावर वाचक पुस्तक सोडून देतो हे त्यांना कळतं, कारण परत आलेल्या पुस्तकात खूण तिथेच असते. माझ्या तिसऱ्या संग्रहातल्या दोन कथा अशाच एका ग्रंथपालबाईंनी काढायला लावल्या. आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग काढल्या. आता तो संग्रह हातात घेतला की त्या दोन कथा आठवतसुद्धा नाहीत.

कादंबरी पाठवू नकोस आत्ता. आधी तीन महिने ती कपाटात ठेव, मग पहिल्या पानापासून मोठ्याने वाच. आणि तेव्हा मला लिही.

*किती प्रती छापाव्यात? कागद आणि बाइंडिंगचं काय? आम्हा नवख्यांना प्रेसवाला सांगेल ते ऐकावं लागतं.*
*– नांदेड*

पुस्तक फर्म्यात मोजायला शिका, म्हणजे प्रेसमध्ये तुमच्याशी माणसं वेगळ्या आवाजात बोलतात.

आपली बहुतेक पुस्तकं डेमी आकाराची, म्हणजे साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. डेमीचा अठरा बाय तेवीसचा एक ताव दोन्ही बाजूंनी छापून तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फर्मा होतो. एकशे साठ पानांचं पुस्तक म्हणजे दहा फर्मे. पाचशे प्रती छापायच्या तर दर फर्म्याला पाचशे ताव, म्हणजे एक रीम. दहा फर्म्यांना दहा रीम, वर थोडा वाया जाणारा. हे गणित तुम्हाला येतं हे कळलं की कागदाचं बिल फुगत नाही. तुमचं पुस्तक एकशे त्रेसष्ट पानांचं होत असेल तर तीन पानांसाठी नवा तुकडा लावावा लागेल. मग ओळींची मांडणी थोडी आवळा किंवा कोरी पानं कमी करा. अर्पणपत्रिका मात्र काढू नका.

पन्नास-शंभर प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई करा. प्रतीमागे महाग पडते, पण घर भरत नाही. तीनशे-चारशेच्या पुढे ऑफसेट परवडू लागते, कारण तिच्यात आधी छपाईच्या प्लेटा बनवाव्या लागतात आणि त्यांचा खर्च जास्त प्रतींवर वाटला जातो. मला शेवटच्या पुस्तकाला प्रतीमागे ९२ रुपये पडले, पाचशे प्रती, एकशे साठ पानं. कागद सत्तर जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला सत्तर ग्रॅम वजनाचा, नॅचरल शेड. पांढऱ्याशुभ्र कागदावर रात्री दिव्याखाली वाचताना डोळे दुखतात, आणि माझे बरेच वाचक साठीच्या पुढचे आहेत. कागदाचे तंतू पुस्तकाच्या पाठीला समांतर यायला हवेत, एवढं छापण्याआधी सांगा. आडवे आले तर पुस्तक उघडं राहत नाही, हातात धरून दाबत बसावं लागतं.

बांधणीबद्दल मी हट्टी आहे. आजकाल सगळे परफेक्ट बाइंडिंग करतात, म्हणजे फर्म्यांच्या पाठी कापून टाकायच्या आणि सुट्या पानांना गरम डिंक लावायचा. दिसतं छान. पण ग्रंथालयात पाच वाचकांच्या हातून फिरलं की पानं गळायला लागतात. थोडे पैसे जास्त द्या आणि फर्मे दोऱ्याने शिवून घ्या.

आणि बाइंडिंगच्या दिवशी स्वतः जा. हे मी कळवळून सांगते. माझ्या दुसऱ्या पुस्तकाच्या वेळी गेले नव्हते. गठ्ठे घरी आले, आम्ही प्रती पाठवायला सुरुवात केली. चौथ्या दिवशी एका वाचकाचा फोन आला, 'ताई, एकशे बाराव्या पानानंतर पुन्हा सत्त्याण्णव आलंय.' सातवा फर्मा दोनदा आणि आठवा गायब. ज्या कथेत म्हातारी घर सोडते, तीच सोळा पानं नव्हती. मी आणि मैत्रिणीने उरलेली सगळी पुस्तकं जमिनीवर मांडली आणि एकेक उघडून एकशे तेरावं पान शोधत बसलो. रात्री दोन वाजेपर्यंत. एकसष्ट प्रती चुकीच्या निघाल्या. ज्यांना आधीच गेल्या होत्या त्या प्रत्येकाला फोन करून बदलून दिल्या.

पुढच्या वेळी बाइंडिंगला जाऊन बसले. चार बायका मांडी घालून फर्मे एकावर एक जुळवत होत्या, बोलणं चालूच, हात थांबत नव्हते. त्यांतल्या सगळ्यात वयस्कर मावशींना मी माझी गोष्ट सांगितली. त्यांनी जुळवलेला एक गठ्ठा उभा धरला आणि पाठ माझ्याकडे केली. प्रत्येक फर्म्याच्या घडीवर एक लहान काळा चौकोन छापलेला असतो, पहिल्या फर्म्यावर वर, दुसऱ्यावर थोडा खाली, तिसऱ्यावर आणखी खाली. सगळे ओळीने लागले की जिना उतरल्यासारखी तिरकी रेघ दिसते. एखादा फर्मा चुकला की जिन्याची पायरी तुटते. 'वाचाया येत न्हाई मला,' त्या म्हणाल्या, 'पन पायरी दिसती.' मी त्या दिवशी पाचशे पाठी पाहिल्या. आता माझ्या प्रत्येक पुस्तकाच्या श्रेयनामावलीत मुखपृष्ठकार आणि मुद्रकाच्या खाली बांधणी करणाऱ्या चौघींची नावं असतात. त्यांना विचारून, त्या सांगतील तशीच छापलेली.

*आयएसबीएन घ्यावाच लागतो का? एकाने पाच हजार सांगितले.*
*– अमळनेर*

पाच हजार देऊ नका. आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा ओळखक्रमांक, तो आपल्या देशात फुकट मिळतो. दिल्लीची राजा राममोहन रॉय एजन्सी तो देते, लेखकालाही मिळतो, अर्ज ऑनलाइन करायचा. थोडा वेळ लागतो म्हणून छपाईच्या आधी दोन-तीन महिने अर्ज टाका. सक्ती नाही, पण दुकानं आणि ऑनलाइन विक्रीवाले तो मागतात.

त्यापेक्षा एक काम बहुतेक स्वतंत्र लेखक विसरतात. १९५४च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक नव्या पुस्तकाची एकेक प्रत प्रसिद्धीनंतर तीस दिवसांत चार ग्रंथालयांकडे स्वखर्चाने पाठवायची असते. कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचं कॉनेमारा, मुंबईचं मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. मी हे चार पुडके स्वतः बांधते. आपण उद्या नसू, घरचे कपाट रिकामं करतील, पण कोलकात्यात एका फळीवर साताऱ्यातल्या बाईच्या कथा असतील. ताराबाईंचं पुस्तक असंच कुठल्यातरी फळीमुळे परत आलं ना?

*मी निवृत्त मराठीचा शिक्षक. हल्लीच्या पुस्तकांत पानोपानी चुका. 'दुसर्या', 'तिसर्या' असं छापलेलं बघून पुस्तक बंद करावंसं वाटतं. कुणाला काहीच कसं वाटत नाही?*
*– गडहिंग्लज*

सर, वाटतं. मला इतकं वाटतं की मी छापील पुस्तकात पेन्सिलीने दुरुस्त करते.

कारण सांगते. कित्येक अक्षरजुळणीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये काम करतात. आपण मोबाइलवर किंवा कम्प्युटरवर युनिकोडमध्ये लिहितो. एकातून दुसऱ्यात नेताना मजकुराची मोडतोड होते. ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षरावर सरकते, रफार भलत्याच डोक्यावर जाऊन बसतो, आणि 'ऱ्या'चा 'र्या' होतो. दिसायला फरक केवढासा! पण दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या डोंगराच्या. माझ्या एका कथेत जावळीतली बाई भारा घेऊन 'दऱ्या उतरते'. पहिल्या प्रुफात ती 'दर्या उतरत' होती. मी ते तीनदा वाचूनही मला दिसलं नव्हतं, कारण लिहिणाऱ्याचा डोळा कागदावरचं वाचत नाही, मनातलं वाचतो. मैत्रिणीने पकडलं.

तेव्हापासून आमची पद्धत अशी: फाइल बदलली की सगळ्यात आधी फक्त ऱ्या आणि रफार शोधायचे, दुसरं काही वाचायचं नाही. मग एकीने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसरीने प्रूफ बघायचं, विरामचिन्हांसकट. आणि शेवटचं वाचन शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे, म्हणजे गोष्टीत वाहून जायला होत नाही. शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे अठरा नियम आम्ही टेबलाच्या काचेखाली ठेवलेत. १९६२चे चौदा आणि १९७२चे चार. अडलं की ठाण्याच्या अरुण फडके यांचा लेखन-कोश. त्यांनी आयुष्य या एका कामाला दिलं.

पण सर, एक विनंती. मुद्रितशोधनाला पैसे मोजायची आपल्याकडे रीत नाही. मुखपृष्ठाला दहा हजार देतात आणि प्रुफं कुणा ओळखीच्या शिक्षकाकडे 'जरा नजर टाका' म्हणून पाठवतात. तुमच्याकडेही येत असतील. यापुढे फुकट करू नका. पानाचा दर सांगा, लहान का असेना. पैसे दिले की लेखकही दुरुस्त्या मनावर घेतो.

*माझ्या सासऱ्यांनी, आम्ही त्यांना मामा म्हणतो, पस्तीस वर्षं बेळगाव भागातल्या खेड्यांतल्या मराठी शाळांत नोकरी केली. त्या आठवणींचं पुस्तक त्यांनी फंडाच्या पैशातून काढलं, पाचशे प्रती. दोनशे वाटण्यात गेल्या. तीनशे त्यांच्याच पलंगाखाली आहेत. वितरक पन्नास टक्के कमिशन मागतो आणि पैसे विकल्यावर देऊ म्हणतो. मामा काही बोलत नाहीत, पण झाडताना खोकी हलवली की उठून बसतात. काय करू?*
*– बेळगाव*

तुमचं पत्र मी मैत्रिणीला वाचून दाखवलं आणि आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

आधी खोकी पलंगाखालून काढा. बेळगावचा पाऊस मला माहीत आहे. जमिनीपासून वर, भिंतीपासून वीतभर लांब, पुस्तकं आडवी ठेवा, मधे कडुलिंबाचा वाळलेला पाला. उभी किंवा तिरकी ठेवलीत तर पाठी वाकतात. दर महिन्याला एकदा उघडून कसर लागली नाही ना बघा. हे काम मामांना द्या.

वितरकाला सध्या राहू द्या. चाळीस-पन्नास टक्के हा त्यांचा नेहमीचा दर आहे, दुकानदाराचं कमिशन त्यांना त्यातूनच द्यायचं असतं, तेव्हा त्यात लबाडी आहे असं नाही. पण त्यांची गाडी जिथे जाते तिथे या पुस्तकाचा वाचक नाही. तो कुठे आहे हे पुस्तकातच छापलेलं आहे. मामांच्या शेजारी बसा आणि पुस्तकात आलेलं प्रत्येक गाव एका वहीत लिहून काढा. ज्या शाळेत ते होते, जिथे पावसाळ्यात अडकून पडले, जिथून विद्यार्थी यायचे. प्रत्येक गावापुढे एक नाव, जिवंत आणि ओळखीचं. विद्यार्थी आता पन्नाशीचे असतील. कुणी दुकानदार, कुणी पुण्या-मुंबईत, कुणी सैन्यातून परतलेले. त्यांना 'मामांचं पुस्तक घ्या' म्हणू नका. 'तुमच्या गावावर दहा पानं आहेत' असं सांगा.

तुमच्या भागाइतकी श्रीमंती तर आमच्याकडेही नाही. कडोली, येळ्ळूर, उचगाव इथे गावकरी स्वतः वर्गणी काढून दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरवतात. मी येळ्ळूरला एकदा गेले होते. पटके बांधलेली माणसं सकाळपासून मांडवात बसलेली, मुलं ग्रंथदिंडीत लेझीम खेळत होती, आणि पुस्तकांच्या टेबलापाशी एक बाई कनवटीचे पैसे सोडत होती. तिथे एक टेबल मागा. मामांना स्वच्छ कपडे घालून टेबलामागे बसवा आणि पेन द्या. तुम्ही पैसे घ्या, सही ते करतील.

टपालाची एक चांगली बातमी. पुस्तकांसाठीची जुनी स्वस्त रजिस्टर्ड सेवा २०२४च्या शेवटी बंद झाली तेव्हा आम्ही हबकलो होतो. पण १ मे २०२५पासून टपाल खात्याने 'ज्ञानपोस्ट' सुरू केलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये, वाढत वाढत पाच किलोला शंभर, कर वेगळा. पुस्तकावर प्रकाशकाचं किंवा मुद्रकाचं नाव छापलेलं हवं आणि आत जाहिराती नकोत. दीडशे-एकशेसाठ पानांचं डेमी पुस्तक पाकिटासकट सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास भरतं. म्हणजे मुंबईतल्या विद्यार्थ्याला वीस-पंचवीस रुपयांत जातं. पुठ्ठ्याचे दोन तुकडे लावा, कोपरे दुमडत नाहीत.

आणि पहिली प्रत मला पाठवा. पैसे मी आधी पाठवते. मामांच्या सहीची हवी.

*आमची आई मूळची मुळशीची, चार वर्षांपूर्वी गेली. ती दळताना गायची त्या ओव्या माझ्या बहिणीने तीन वह्यांत उतरवून घेतल्या होत्या. सातशेच्या वर आहेत. एक प्राध्यापक म्हणाले, भाषा सुधारून छापा, नाहीतर कोण वाचणार? आम्ही भावंडं मिळून खर्च करायला तयार आहोत.*
*– हडपसर, पुणे*

भाषा सुधारू नका. एक अक्षरसुद्धा.

बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या हयातीत छापली गेली नाहीत. त्या १९५१च्या डिसेंबरात गेल्या आणि १९५२ साली पुस्तक आलं, मुलाने, सोपानदेवांनी, ते अत्र्यांना दाखवलं म्हणून. त्या गाण्यांतली खानदेशी बोली कुणी 'सुधारली' असती तर आज आपल्या हातात काय राहिलं असतं? आणि तुमच्या आईच्या मुळशीतच गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात केली होती. पुढे महाराष्ट्रभरातून त्या एक लाखाच्या वर गेल्या, त्या गाणाऱ्या बायकांच्या नावासह, गावासह. त्यांनी बोली तशीच ठेवली. तुमची आई त्याच डोंगरांतली आहे.

शंभर प्रती पुरे, डिजिटल. अक्षर मोठं ठेवा, चौदा पॉइंटचं, आणि एका पानावर चारच ओव्या, भोवती जागा सोडून. जिथे शब्द कळत नाही तिथे अर्थ पानाच्या तळाशी द्या, ओवीत हात घालू नका. बहिणीचं नाव मुखपृष्ठावर आईच्या नावाखाली घाला, कारण ऐकून लिहिणं हे सोपं काम नाही. आईचा आवाज कुठे मोबाइलमध्ये असेल तर तो शोधा आणि तीन ठिकाणी साठवून ठेवा. ओव्या कोणत्या क्रमाने घ्यायच्या हा प्रश्न तुम्हाला पडेलच. विषयवार लावायला प्राध्यापक सांगतील. मी म्हणेन, वहीत ज्या क्रमाने आल्यात त्याच ठेवा. त्या दिवशी तिला माहेर आठवलं आणि लगेच मागून विठ्ठल आला, तर ते तसंच आलं होतं.

तिन्ही वह्यांच्या प्रत्येक पानाचा आजच फोटो काढा, मागच्या पानांसकट. अशा वह्यांच्या शेवटी किराण्याचा हिशेब असतो, दुधाचे रतीब असतात, कुणाच्या बाळंतपणाची तारीख असते. तुमच्या वहीत तसं काही निघालं तर ते एक पान पुस्तकाच्या शेवटी जसंच्या तसं छापा.